कांद्याची मुळं, हळद आणि तुटलेली गुणसूत्रं

विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेचे दिवस जवळ आले की ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत एक प्रकल्प हमखास निघतो. एखाद्या रसायनाने कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं बिघडवायची, सोबत हळद, आवळा, कोकम किंवा तुळशीचा अर्क द्यायचा आणि बिघाड किती टक्क्यांनी उतरला ते पोस्टरवर लावायचं. प्रकल्प चांगला आहे. खर्च कमी, मायक्रोस्कोप विभागात असतोच, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाला लागते तशी परवानगी लागत नाही. नडते ती घाई. आकडा उतरला की लगेच ‘हळदीने डीएनए वाचवला’ असं लिहून मोकळं होतात. आकडा उतरायला कारणं पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांचा डीएनए वाचण्याशी काडीचा संबंध नसतो.

कांदाच का, हे थोडक्यात. त्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १६, आणि तीही चांगली लांबरुंद. कॉलेजच्या साध्या ४० च्या ऑब्जेक्टिव्हखालीसुद्धा तुटलेला तुकडा दिसतो. १९३८ मध्ये लेव्हान यांनी पेशींचं विभाजन अडवणाऱ्या कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्या मुळांवर पाहिला, तिथून ही पद्धत चालत आली. १९८५ मध्ये फिस्केश्यो यांनी ती पाण्याचं प्रदूषण तपासण्यासाठी नीट बांधून दिली. आज आपण करतो ती बहुतेक त्याच चौकटीत.

आधी रसायन कोणतं ते ठरवा, हळद नंतर

इथे मुंबईतल्याच एका जुन्या कामाची आठवण ठेवावी. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (हीच संस्था पुढे खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून गेली) नागभूषण, आमोणकर आणि भिडे यांनी १९८७ मध्ये कर्क्युमिन एम्स चाचणीत तपासलं. एम्स म्हणजे दिल्लीचं हॉस्पिटल नव्हे. ब्रूस एम्स यांची, रसायन जनुकं बिघडवतं का हे साल्मोनेला जिवाणूंवर पाहणारी चाचणी. बिडी-सिगारेटच्या धुराचा अर्क, तंबाखू, मशेरी, बेंझोपायरीन, या सगळ्यांचा उपद्रव कर्क्युमिनने कमी केला, आणि मात्रा वाढवली तसा जास्त कमी केला. पण सोडियम अझाइड आणि स्ट्रेप्टोझोसिन यांच्यापुढे कर्क्युमिनचं काही चाललं नाही.

यात खरी गोम आहे. बेंझोपायरीन आपणहून डीएनएला चिकटत नाही. यकृतातली एन्झाइमं त्याला घातक रूप देतात, आणि चाचणीत हे काम उंदराच्या यकृताचा एस-९ अर्क करतो. कर्क्युमिन या एन्झाइमांच्या कामात खोडा घालतं. जे रसायन या पायरीवर अवलंबूनच नाही, त्याच्यापुढे हा खोडा कामाचा नाही. म्हणजे ‘हळद जनुकीय हानी रोखते का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या रसायनाची हानी, आणि कोणत्या पायरीवर रोखते, हे विचारायला हवं.

म्हणून रसायन निवडताना अर्काबद्दलचा आपला अंदाज काय आहे ते आधी वहीत लिहा. अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतो असं वाटत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं ऑक्सिडेशनने मारणारं रसायन घ्या. अर्कात गंधकाची थायॉल संयुगं असतील, लसणात असतात तशी, तर मिथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजे एमएमएस, योग्य. ते डीएनएतल्या ग्वानिन आणि अ‍ॅडेनिनला थेट मिथाइल गट चिकटवतं, आणि थायॉल संयुगं तो गट आधीच स्वतःवर ओढून घेऊ शकतात. यकृताच्या पायरीबद्दल बोलायचं असेल तर मात्र एकटा कांदा पुरणार नाही. वनस्पतींनाही काही रसायनं सक्रिय करता येतात, पण तो मामला यकृतासारखा नाही.

सोडियम अझाइड स्वस्त म्हणून अनेक ठिकाणी वापरतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते नको असं आमचं स्पष्ट मत आहे. अ‍ॅसिडशी गाठ पडली की त्यातून हायड्रॅझोइक अ‍ॅसिडचा विषारी वायू निघतो, आणि आपल्या पुढच्याच पायरीत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आहे. सिंकमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक अझाइड साठतात.

एमएमएसचीही गंमत करू नये. कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणजे २अ गटात टाकलं आहे. फ्यूम हूड, नायट्राइलचे दोन हातमोजे एकावर एक, आणि थेंब पडला की मोजे लगेच बदलणं, एवढं नसेल तर पेरॉक्साइडवरच थांबा. कांद्यासाठी ०.४ मिलिमोलर ही मात्रा पुष्कळ ठिकाणी वापरतात. एमएमएसचं रेणुभार ११०.१३, म्हणजे लिटरला ४४ मिलिग्रॅम. घनता साधारण १.३ धरली तर अर्ध्या लिटरला १७ मायक्रोलिटर पुरतात. मायक्रोपिपेटच्या टिपमध्ये थोडं चिकटून राहतं, म्हणून टिप द्रावणात दोन-तीनदा धुऊन घ्या. आधी याच्या पाव आणि निम्म्या मात्रेवर रंगीत तालीम करा. पेशींचं विभाजन साध्या पाण्याच्या गटाच्या निम्म्याखाली गेलं तर मात्रा जास्त झाली असं समजायचं.

गोल्टी कांदा

मोठा कांदा घेऊ नका. दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचा हवा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ‘गोल्टी’ म्हटलं की तोच पुढे येतो. सगळा प्रयोग एकाच गोणीतल्या कांद्यावर करायचा. अर्धे वाशीहून आणि कमी पडले म्हणून उरलेले स्टेशनबाहेरच्या गाडीवरून, असं केलं तर गटांतला फरक कांद्याचा की हळदीचा हे कळायला मार्ग नाही.

महिनाही बघायला लागतो. एप्रिल-मेमध्ये नुकताच काढलेला उन्हाळ कांदा झोपेत असतो. त्याला मुळं उशिरा आणि विषम फुटतात. चाळीत दोन-अडीच महिने राहिलेला कांदा बरा. पोळ कांदा, म्हणजे दिवाळीच्या आसपास येणारा लाल, याला झोप कमी. तो पटकन मूळ धरतो. आणखी एक फसगत: कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करतात. लासलगावला त्यासाठीच केंद्र आहे. असा कांदा टणक आणि देखणा दिसतो, पण किरणांनी त्याची वाढती टोकंच निकामी केलेली असतात आणि गुणसूत्रांचा बिघाड पाहायला तर तो अगदीच निरुपयोगी. दहा कांदे पाण्यावर ठेवून ७२ तासांत निदान आठांना भरघोस मुळं आली तरच ती गोणी घ्या.

वरची सुकी सालं काढायची. पावसाळ्यात सालीखाली काळी भुकटी असते, ती बुरशी आहे. तो कांदा बाजूला. खालच्या चकतीवरची जुनी वाळलेली मुळं ब्लेडने हलकेच खरवडायची. नवी मुळं चकतीच्या कडेच्या वर्तुळातून येतात. नवखे हात ते वर्तुळच कापून टाकतात आणि मग ‘उगवण कमी’ अशी नोंद होते. कांदा परीक्षानळीच्या तोंडावर असा बसवा की चकती पाण्याला जेमतेम टेकेल. बुडाला तर सडतो.

पाणी नळाचं चालेल, पण नळ सोडून थेट नाही. मोरबे धरणाचं असो की भातसाचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन सोडलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलं आहे, आणि पाण्याच्या टाकीजवळच्या इमारतीत ते बरंच जास्त असू शकतं. कोवळ्या मुळांना ते झोंबतं. रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडं ठेवा. आदल्या दिवशी मुळं छान आणि दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी, असं झालं तर बहुतेक वेळा घाईत ताज्या नळाचं पाणी बदललेलं असतं.

तापमान हा नवी मुंबईचा खास त्रास. मुळांना २० ते २५ अंश मानवतं. दिवसा एसीमुळे २४ असलेली खोली संध्याकाळी एसी बंद झाल्यावर मे महिन्यात ३१-३२ वर जाते. पेशींच्या विभाजनाचा वेग बदलतो, आणि त्याहून वाईट म्हणजे रसायनाची मात्राच बदलते. एमएमएसचा भाऊ ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट) पाण्यात २० अंशांना ९३ तासांत निम्मा उरतो, ३० अंशांना २६ तासांतच. एमएमएस तर त्याहून थोडं लवकर फुटतं. सोमवारी थंड खोलीत केलेला गट आणि गुरुवारी गरम खोलीत केलेला गट यांना एकच मात्रा मिळाली असं म्हणता येत नाही. सगळे गट एकाच दिवशी लावा, द्रावण वापरण्याच्या वेळीच बनवा, आणि नळ्यांचा स्टँड पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवा. टबातलं पाणी रात्रीचा चढउतार बराच सोसून घेतं. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो ठेवाच.

अर्काची लबाडी

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ‘५०० पीपीएम हळदीचा अर्क’ असं लिहिलेल्या बीकरच्या तळाशी पिवळा गाळ बसलेला असतो. मग मुळाला मिळालं किती? आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवा: १० मिलीत ३६.८ मिलिग्रॅम म्हणजे १० मिलिमोलर. यातला ०.१ मिली १०० मिली पाण्यात टाकला की १० मायक्रोमोलर, ०.५ मिली टाकला की ५० मायक्रोमोलर. पहिल्यात डीएमएसओ ०.१ टक्का होतं, दुसऱ्यात ०.५. म्हणून कमी पडेल तिथे नुसतं डीएमएसओ घालून सगळ्या गटांत ते ०.५ टक्क्यावर आणायचं, साध्या पाण्याच्या गटाचा अपवाद. पाण्यात टाकताना ढवळत थेंबथेंब टाका. तरीही गढूळ झालं तर ती मात्रा सोडून द्या, फिल्टर करून तोच आकडा लिहू नका. बाटलीवर ‘कर्क्युमिन’ लिहिलेलं असलं तरी बाजारातल्या मालात साधारण तीन-चतुर्थांशच कर्क्युमिन असतं, उरलेलं त्याची दोन भावंडं. नळ्यांना फॉइल गुंडाळा, उजेडात ते फुटतं. पाण्याचा पीएच ७ च्या वर असेल तर तासाभरातच बरंचसं संपतं. ३७ अंशांना ७.२ पीएचच्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नाहीसं होतं हे १९९७ पासून माहीत आहे. त्यामुळे दर सहा-आठ तासांनी ताजं द्रावण बदला, आणि पीएच ६ ते ६.५ च्या दरम्यान ठेवा.

वाण्याकडची हळदपूड वापरणार असाल तर जरा थांबा. भेसळीत मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट दोन्ही सापडतात, आणि लेड क्रोमेटमधलं क्रोमियम स्वतःच गुणसूत्रं मोडणारं आहे. चिमूटभर पुडीवर पाणी आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे काही थेंब टाका. गुलाबी-जांभळा रंग टिकून राहिला तर मेटॅनिल यलो. लेड क्रोमेट या चाचणीत पकडलं जात नाही. पॉलिश न केलेलं हळकुंड आणून स्वतः दळणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

कोकमाची लबाडी निराळी. आपल्याकडे आमसुलं मीठ लावून वाळवतात. पाच ग्रॅम आमसूल शंभर मिली गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवलं की तुम्ही मुळाला कोकम, मीठ आणि आम्ल असे तीन पदार्थ एकदम देता. मुळं अशा पाण्यात वाढतच नाहीत, पेशी विभागत नाहीत आणि बिघाड दिसत नाही. विद्यार्थी खूश! बिनमिठाची साल मागून घ्या. अर्काचा पीएच तीनच्या आसपास किंवा खाली भरेल, तो सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने सहावर आणा. उदासीन होत आला की लाल रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो, मीटर नसेल तरी डोळ्यांना कळतं. आणि एक जादा गट ठेवा: नुसतं सायट्रिक अ‍ॅसिड, पीएच मूळ अर्काएवढाच. त्या गटातही ‘बचाव’ दिसला तर कोकमाला श्रेय देऊ नका.

ग्रीन टीचं पाणी उघड्या भांड्यात तासन्‌तास राहिलं की त्यातली पॉलिफेनॉलं हवेतल्या ऑक्सिजनशी खेळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. औषधातूनच विष. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाला पाण्यात तांबं किंवा लोह मिळालं तर तेच होतं. म्हणून ‘नुसता अर्क’ हा गट प्रत्येक मात्रेसाठी लागतोच, जागा नाही म्हणून तो गाळायचा नाही. कर्क्युमिनचंही उदाहरण आहे: हॅमस्टरच्या पेशींवरच्या प्रयोगांत त्याने डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाची हानी कमी करण्याऐवजी वाढवली.

आधी, सोबत, नंतर

जपानचे त्सुनेओ काडा (नाव ऐकून आपल्याला काढाच आठवतो) यांनी बचाव करणाऱ्या पदार्थांचे दोन वर्ग केले. पेशीत शिरण्याआधीच रसायनाला गाठून निकामी करणारे ते डेसम्युटाजेन. रसायनाने डीएनएला गाठल्यावर पेशीच्या दुरुस्तीला हात देणारे ते बायो-अँटिम्युटाजेन. हे दोन वर्ग ओळखायचे तर अर्क द्यायची वेळ बदलून पाहायची, दुसरी युक्ती नाही.

आधीचा गट: २४ तास अर्क, मग साध्या पाण्यात पाच-पाच मिनिटांच्या तीन धुण्या, मग सहा तास एमएमएस, पुन्हा धुणी, मग २४ तास बिनअर्काचं पाणी. सोबतच्या गटात अर्क आणि एमएमएस एकत्र सहा तास. नंतरच्या गटात सहा तास एमएमएस, धुणी, मग २४ तास अर्क. सगळ्या कांद्यांचं वय शेवटी सारखं भरलं पाहिजे, म्हणून ज्या गटाला ज्या वेळेत अर्क नाही त्याला तेवढा वेळ ०.५ टक्का डीएमएसओचं पाणी. प्रत्येक गटात पाच कांदे हवे असतील तर आठ लावा आणि रसायन देण्याआधी सारख्या मुळांचे, एक ते दोन सेंटिमीटरवाले, पाच निवडा. नंतर निवडलं तर ती लबाडी.

फक्त ‘सोबत’च्या गटात आकडा उतरला तर बहुधा दोन रसायनं बीकरमध्येच एकमेकांना भिडली. ते खोटं नाही, पण पेशीने काही केलेलं नाही. जेवणातली हळद आणि फुप्फुसातला धूर एका बीकरमध्ये भेटत नाहीत. धुण्या नीट करून ‘आधी’च्या गटात आकडा उतरला तर पेशीच्या आत काहीतरी बदललं असं म्हणायला जागा आहे. ‘नंतर’च्या गटात उतरला तर ते सगळ्यात रंजक आणि सगळ्यात संशयास्पदही. दुरुस्ती वाढली असेल, किंवा बिघडलेल्या पेशी अ‍ॅनाफेजपर्यंत, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाण्याच्या टप्प्यापर्यंत, पोचल्याच नसतील. म्हणून या गटाची मुळं २४ आणि ४८ तास अशी दोनदा कापा. उशीर झाला असेल तर ४८ तासांना बिघाड परत दिसतो.

स्लाइड

मुळाची टोकं सकाळी ठरलेल्या एकाच वेळी कापा आणि या मिश्रणात टाका. तीन भाग अ‍ॅब्सोल्युट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, त्याच दिवशी मिसळलेलं. जुनं मिश्रण आपसांत एस्टर करून बसतं आणि पेशी नीट गोठत नाहीत. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे टिकतात.

१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडसाठी तीव्र अ‍ॅसिडचे ८.५ मिली पाण्यात ओतून १०० मिली करा, अ‍ॅसिड पाण्यात, उलट कधीही नाही. ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये आठ मिनिटं. बाथचा आकडा नव्हे तर नळीतल्या अ‍ॅसिडचं तापमान मोजा, बरेचदा ते ५४-५५ च असतं. कमी झालं तर पेशी एकमेकींना चिकटून थराथरात राहतात. जास्त झालं तर टोक चिमट्यातच विरघळतं आणि रंग फिका चढतो.

रंग अ‍ॅसिटो-ऑर्सिन, २ टक्के: २ ग्रॅम ऑर्सिन, ४५ मिली अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये मंद उकळून, थंड झाल्यावर ५५ मिली पाणी, मग गाळणं. वापरताना पुन्हा गाळा, कारण गाळ बसतो, आणि त्या गाळाचा बारीक गोल कण मायक्रोन्यूक्लिअससारखाच (तुटलेल्या किंवा मागे राहिलेल्या गुणसूत्राचं छोटं वेगळं केंद्रक) दिसतो. फोकस वरखाली केल्यावर कण पेशीच्या वरच्या पातळीवर जातो, खरा मायक्रोन्यूक्लिअस मुख्य केंद्रकाच्याच पातळीत राहतो. त्याचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी, कडा गुळगुळीत, रंग तोच, आणि केंद्रकाला चिकटलेला नसावा.

वीस-तीस मिनिटांत टोकाचा दीड मिलिमीटर भाग गडद होतो, तोच विभागणारा भाग. तेवढाच ठेवा, बाकीचं मूळ काढून टाका. ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा थेंब, त्यावर कव्हरस्लिप, आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने हलक्या टिचक्या, मग फिल्टर पेपरच्या घडीत अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर सरकला तर गुणसूत्रं ओढली जातात आणि नसलेले पूल (दोन टोकांना जोडून राहिलेली गुणसूत्रं) दिसतात. आवळा किंवा चहाच्या गटातली मुळं टॅनिनने तपकिरी होतात, रंग नीट चढत नाही. त्या गटात बिघाड कमी मोजला जाण्याचं हे एक साधं कारण. अशा मुळांना अ‍ॅसिडनंतर पाण्यात दोन धुण्या जास्त द्या आणि रंगात तासभर ठेवा.

मोजणी, जिथे सगळं उलटं फिरतं

एक हिशेब मांडून बघा. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एमएमएसच्या गटात १००० पेशी पाहिल्या. ७० विभागणाऱ्या, त्यांतल्या ३० अ‍ॅनाफेज-टेलोफेजमध्ये (टेलोफेज म्हणजे त्यानंतरचा, विभाजनाचा शेवटचा टप्पा), आणि त्या तिसांत १२ बिघडलेल्या. हळदीसोबतच्या गटात १००० पेशींत २५ विभागणाऱ्या, १० अ‍ॅनाफेज-टेलोफेज, ४ बिघडलेल्या. कंट्रोलमध्ये, म्हणजे रसायन न दिलेल्या गटात, बिघाड शून्य धरू.

पोस्टरवर काय जातं? हजारात बारावरून चारावर, म्हणजे ६७ टक्के बचाव. आता खालचा भाजक बदला. ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के. १० पैकी ४ म्हणजे ४० टक्के. बचाव शून्य. हळदीने फक्त पेशींना विभागू दिलं नाही, आणि पूल किंवा तुकडा दिसायचा तर पेशीने विभागावं लागतं. न धावणाऱ्या गाडीला अपघात होत नाही, तसलाच हा बचाव.

म्हणून नेहमीचं सूत्र वापराच (रसायनाच्या गटातला बिघाड वजा अर्कासोबतचा बिघाड, भागिले रसायनाचा बिघाड वजा कंट्रोलचा बिघाड, गुणिले १००), पण बिघाड अ‍ॅनाफेज-टेलोफेजच्या टक्क्यांत मोजा आणि शेजारी मायटोटिक इंडेक्स छापा. इंडेक्स म्हणजे विभागणाऱ्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. दर कांद्यामागे १००० पेशी इंडेक्ससाठी, आणि जमेल तिथे १०० अ‍ॅनाफेज-टेलोफेज. मात्र मायक्रोन्यूक्लिअस विभाजनानंतर, पुढच्या पेशीत दिसतो, म्हणून तो २४ तासांच्या आत शोधण्यात फारसा अर्थ नाही.

बिघाडाचे प्रकारही वेगळे लिहा. पूल आणि तुकडे म्हणजे गुणसूत्र तुटलं. मागे रेंगाळलेलं अखंड गुणसूत्र किंवा विस्कटलेलं मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत येण्याचा टप्पा) म्हणजे ओढणारे धागे बिघडले, कोल्चिसिनसारखं. एमएमएस मुख्यतः तोडतं. अर्काने रेंगाळणारी कमी केली आणि पूल तसेच राहिले, तर एमएमएसच्या मूळ घावाला अर्काने हात लावलेला नाही.

दोन गोष्टी परीक्षक हमखास पकडतात. पहिली, पाच कांदे आणि पाच हजार पेशी असतील तर नमुन्याची संख्या ५, पाच हजार नव्हे. एका कांद्यातल्या हजार पेशी एकमेकींच्या सख्ख्या आहेत. हजारांवर काय-स्क्वेअर लावला की कोणताही फरक ‘सिग्निफिकंट’ येतो. प्रत्येक कांद्याचा एक टक्का काढा आणि त्या पाचांवर चाचणी लावा, कंट्रोलशी तुलना असेल तर डनेट बरी. दुसरी, स्लाइडवर ‘हळद’ लिहिलेलं असेल तर डोळा आपोआप सवलत देतो. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांकेतिक आकडे चिकटवायला सांगा आणि किल्ली बंद पाकिटात ठेवा.

नाल्याचं पाणी

रबाळे-महापे पट्ट्यातल्या नाल्याचं पाणी ‘म्युटाजेन’ (जनुकं बिघडवणारा पदार्थ) म्हणून वापरून त्यावर तुळशीचा इलाज शोधायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचते. ही चाचणी पाण्यासाठीच बांधली गेली हे खरं. पण नाला खाडीला मिळतो आणि भरतीला खारं पाणी आत येतं. मुळं खुरटली ती रसायनाने की मिठाने? कंडक्टिव्हिटी (पाण्याची विद्युतवाहकता) मोजा, तेवढ्याच मिठाच्या पाण्याचा एक गट ठेवा, ओहोटीला नमुना घ्या आणि एकाच वेळी भरलेलं पाणी सगळ्या गटांना पुरवा. इथवर केलंत तरी त्यात नेमकं कोणतं रसायन आहे ते कळत नाही, त्यामुळे ‘तुळस कोणत्या पायरीवर रोखते’ याचं उत्तर या प्रयोगातून निघत नाही. प्रदूषणाचा प्रकल्प म्हणून करा, बचावाचा म्हणून नको.

ताटापर्यंत

मुळात दिसलेला बचाव माणसात टिकतो का? टिकल्याची चांगली उदाहरणं मोजकी आहेत. चीनमध्ये किदाँगला धान्यातल्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग फार. तिथे १८० जणांवर चाचणी झाली, निम्म्यांना क्लोरोफिलिन (हरितद्रव्यापासून बनवलेलं) १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, चार महिने. अफ्लाटॉक्सिन डीएनएला चिकटल्याची लघवीतली खूण ५५ टक्क्यांनी कमी झाली, २००१ मध्ये हे छापून आलं. क्लोरोफिलिन अफ्लाटॉक्सिनला आतड्यातच घट्ट धरतं, म्हणजे हा ‘सोबत’चा गट, काडांचा पहिला वर्ग, आणि इथे तो उपयोगी ठरला कारण विष आणि उतारा दोन्ही ताटातूनच येतात. हळदीचंही एक छोटं काम हैदराबादला झालं: धूम्रपान करणाऱ्या १६ जणांना रोज दीड ग्रॅम हळद, ३० दिवस, आणि त्यांच्या लघवीतला म्युटाजेनचा अंश उतरला.

उलटा दाखला बीटा-कॅरोटीनचा. पेशींत, उंदरांत सगळीकडे आश्वासक. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली. पोस्टरच्या शेवटच्या चौकटीत ‘म्हणून रोज हळदीचं दूध प्या’ असं लिहिण्याआधी हे वाचलेलं असावं.

उरलं एमएमएसचं द्रावण. ते आणि पहिल्या धुणीचं पाणी १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये २४ तास झाकून ठेवा, मग घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये. हा कचरा तळोज्याच्या सुविधेकडे जातो, ज्या कॉलेजचा तसा करार नसेल त्याने हे रसायन मागवूच नये. मोजे, टिपा, टिशू त्याच कॅनसोबतच्या पिशवीत. आणि कांदे. मुळं कापल्यावर ते बाहेरून अगदी ताजे, खाण्याजोगे दिसतात. कॅन्टीन एक मजला खाली असतं. प्रत्येकाचे चार तुकडे करा, मार्करने फुली मारा आणि पिशवीचं तोंड बांधा.